हाताखालची पाठ

बेळगावच्या अनगोळात पेशंट येतो तो निदान सोबत घेऊनच. चपला काढता काढता सांगतो, "मॅडम, मणक्यात गॅप आलीय." कुणाची गादी सरकलेली असते, कुणाची शिरेवर शीर चढलेली असते, कुणाचा खुबा उतरलेला असतो. एखाद्याच्या काखेत एमआरआयचं भलं मोठं पाकीट असतं आणि ते उघडायच्या आत तो मला 'एल-फोर एल-फाइव्ह' म्हणून ऐकवतो. मागणी मात्र सगळ्यांची एकच: सरकलंय तेवढं बसवून द्या.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझा बराचसा दिवस लोकांच्या पाठींवर हात ठेवण्यात जातो. या भागात पाठींना कामाची कमी नाही. उद्यमबागेत लेथवर आणि फौंड्रीत उभे राहणारे आहेत, वडगाव-खासबागेत मागावर वाकणारे विणकर आहेत, येळ्ळूर रस्त्याच्या शिवारात पावसाळ्यात नट्टीला, म्हणजे भातलावणीला, चिखलात उभ्या राहून दिवसच्या दिवस ओणव्या असणाऱ्या बायका आहेत. हल्ली त्यात पुण्या-बंगळूरच्या कंपनीचं काम घरी सोफ्यावर लोळून करणारी पोरं आली. दुखण्याची जागा बहुतेकांची तीच, सांगण्याची तऱ्हा तेवढी वेगळी. पोरगा दुखणं दहापैकी साडेआठ असं मोजून सांगतो. शेतकरी म्हणतो, "काय नाही, जरा दुखूलंय," आणि त्याला खुर्चीवरून उठवायला दोघं लागतात.

माझ्यापर्यंत येण्याआधी बरंच काही होऊन गेलेलं असतं. निरगुडीचा पाला उकळून शेक, आंबेहळदीचा लेप, फडक्यात गुंडाळलेली तापली वीट, मेडिकलवाल्यानं दिलेल्या लाल-पिवळ्या गोळ्या. आणि पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्या माणसानं उसण भरलेल्या जागी पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. आमच्या ओळखीत अशा एक काकू आहेत. भल्या सकाळी लोक त्यांच्या दारात पालथे पडायला येतात. काकू चुलीवरचं आधण तसंच ठेवून बाहेर येतात, पदर खोचतात, तीनदा पाय लावतात आणि आत जातात. पैसे घेत नाहीत. एकदा त्यांचीच कंबर धरली तेव्हा माझ्याकडे आल्या. पलंगावर कुशीवर होता होता म्हणाल्या, "सगळ्यांच्या पाठीला मी पाय लावते, माझ्या पाठीला कोण लावणार गे?"

अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपण सुटते. तोवर ज्यानं शेवटचा हात लावला, त्याच्या नावावर ती जमा होते. काकूंच्या होते, विटेच्या होते, माझ्याही होते. हातानं उपचार करणाऱ्यानं हे स्वतःला अधूनमधून ऐकवावं असं माझं मत आहे. ऐकवणारे मला फार भेटलेले नाहीत.

मी हातानं जे करते त्यातलं बरंचसं ऑस्टिओपॅथी या हातानं उपचार करण्याच्या पद्धतीतून आलेलं आहे, आणि हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे फिजिओथेरपीचं शिक्षण १९५३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, पोलिओच्या साथीच्या पाठोपाठ. तेव्हा जोर होता तो लुळ्या पडलेल्या स्नायूंत ताकद आणण्यावर. पाठ-मान-खांदा हा आमचा रोजचा धंदा पुढे झाला आणि त्यासोबत हातानं करायची तंत्रं बाहेरून येत गेली. आज पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या कुठल्याही मुलीला प्रबंधाचा विषय विचारा, दर चार-पाच जणींत एक 'मसल एनर्जी टेक्निक' म्हणेल. हे तंत्र फ्रेड मिचेल नावाच्या अमेरिकी ऑस्टिओपॅथनं गेल्या शतकाच्या मध्यात बसवलं. दुखऱ्या जागेला सैल पडेल अशा स्थितीत माणसाला नुसतं धरून ठेवायचं, हे दुसरं एक तंत्र लॉरेन्स जोन्स या ऑस्टिओपॅथचं. १९५५ मध्ये त्याच्याकडे एक पेशंट होता, पाठीनं वाकलेला, रात्री झोप नाही. जोन्सनं उशा-बिशा लावून त्याला बरं वाटेल अशी एक स्थिती शोधली, त्याला तसंच ठेवलं आणि तो दुसऱ्या पेशंटकडे गेला. परत येऊन पाहतो तर माणूस सरळ उभा राहिला. एवढ्या भांडवलावर पुढं सगळी पद्धत उभी राहिली. नाव न घेता ऑस्टिओपॅथी आमच्या अभ्यासक्रमात मागच्या दारानं येऊन बसली होती.

मग मी मूळ गाठलं. ऑस्टिओपॅथीचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल, जन्म १८२८, व्हर्जिनिया. बाप मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि जोडीला वैद्यकीही करणारा, मुलगाही बापाच्या हाताखाली शिकून डॉक्टर झालेला. त्या काळातलं औषध म्हणजे पारा, अफू, दारू आणि रक्त काढणं. १८६४ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत स्टिलची तीन मुलं गेली आणि त्या औषधांनी काही केलं नाही. केलं असेल तर वाईटच. त्यानंतर त्याचं औषधांवरचं मन उडालं ते उडालंच. हाडांचा अभ्यास करायचा तर सांगाडा हवा, म्हणून त्यानं अमेरिकी आदिवासींची थडगी उकरली. आत्मचरित्रात तो हे संकोच न करता सांगतो. वाचताना माझ्या मनातून तो तिथं थोडा उतरला. त्याच पुस्तकात त्याच्या लहानपणाची एक हकिगत आहे. दहाएक वर्षांचा असताना त्याचं डोकं ठणकत होतं. बापाच्या नांगराची दोरी त्यानं दोन झाडांमध्ये जमिनीलगत बांधली, तिच्यावर घोंगडीचं टोक टाकलं आणि मान त्यावर टेकवून आडवा झाला. झोप लागली. उठला तेव्हा डोकं उतरलं होतं. कवटीच्या तळाशी मानेचे जे छोटे स्नायू असतात तिथं आजही आम्ही बोटांची टोकं ठेवून डोक्याचं वजन त्यांवर सोडतो आणि दोन-तीन मिनिटं काहीच करत नाही. उद्यमबागेतल्या वेल्डरचं डोकं त्यानं उतरतं. दोरीची गरज नाही, कुणी करूही नये.

२२ जून १८७४ ही तारीख स्टिल आपल्या शास्त्राचा जन्मदिवस म्हणून सांगत असे. शास्त्र असं: हाडं जागची हलली की रक्तवाहिन्या आणि नसा दबतात, रक्त अडतं, आणि त्यातून रोग होतात. पाठदुखीच नव्हे, सगळे रोग. हाड जागेवर आणा, रक्त मोकळं करा, शरीर आपला दवाखाना आपण चालवतं. मिझुरीतल्या गावोगाव तो फिरला आणि विजेच्या वेगानं हाडं बसवणारा अशी स्वतःची जाहिरात करत राहिला. १८९२ मध्ये कर्क्सव्हिल या गावात दोन खोल्यांच्या लाकडी घरात त्यानं शाळा काढली. शरीररचना शिकवायला एडिंबरोत शिकलेला विल्यम स्मिथ हा डॉक्टर मिळाला, आणि पहिल्याच तुकडीत मुलींना घेतलं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पुढं पुढं पेशंट रेल्वेनं तिथं लोटू लागले.

त्यानंतरची कथा देशागणिक फुटत गेली. अमेरिकेत ऑस्टिओपॅथ हळूहळू पूर्ण डॉक्टर झाले. आज ते औषधं देतात, शस्त्रक्रिया करतात आणि त्यांतले कित्येकजण हातानं उपचार करतही नाहीत. जॉन मार्टिन लिटलजॉन या ऑस्टिओपॅथनं १९१७ मध्ये लंडनला शाळा काढली. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ हातानंच काम करतो, आणि १९९३ च्या कायद्यामुळे नोंदणीशिवाय तसं म्हणवून घेता येत नाही. आपल्याकडे कटकच्या श्री श्री विद्यापीठात अभ्यासक्रम आहे, पण या विद्येची स्वतंत्र परिषद नाही. फिजिओथेरपीला २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं आयोग मिळाला, ऑस्टिओपॅथीला असं काही नाही. त्यामुळे चार दिवसांची कार्यशाळा करून आलेला आणि चार-पाच वर्षं शिकलेला, दोघांची पाटी सारखीच चमकते. पेशंटनं कसं ओळखायचं? किती शिकलात, कुठं शिकलात, हे तोंडावर विचारायचं. आमच्याकडे डॉक्टरला असं विचारणं उद्धटपणा समजतात. मला विचारलेलं आवडतं.

कर्क्सव्हिलबद्दल वाचताना मला राहून राहून आमच्या तालमी आणि तिथं हाडं बसवणारे वस्ताद आठवत होते. हाडं बसवणाऱ्यांची जात सगळ्या जगात आहे. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. ओढणं, दाबणं, जुळवणं आणि बांधणं हा त्यातला क्रम आजचा ऑर्थोपेडिकवालाही नाकारणार नाही. मराठी माणसांत या कामाचं मोठं नाव म्हणजे बडोद्याचे राजरत्न प्रोफेसर माणिकराव. जुम्मादादा व्यायाममंदिर चालवणारे, लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद ज्यांच्याकडे तरुणपणी शिकले, ते हे माणिकराव. व्यायाम शिकवणं आणि मोडलेली, निखळलेली हाडं बसवणं ही दोन्ही कामं एकाच आखाड्यात चालत. स्टिलच्या शेवटच्या वर्षांत माणिकराव ऐन उमेदीत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही.

बेळगावच्या तालमींत ही विद्या अजून थोडी शिल्लक आहे. माझ्या दवाखान्यापासून लांब नसलेल्या एका तालमीचे वस्ताद, वय सत्तरीपुढं, कान मुडपलेले, लचक भरलेला पाय चोळायला आजही लोक त्यांच्याकडे जातात. आमची ओळख झाली ती त्यांनी एका पोराला माझ्याकडे धाडलं तेव्हा. हौद्यात पडून कोपर सुजलेलं. चिठ्ठी नाही, फोन नाही, नुसता निरोप: "हे माझं काम न्हवं, आधी फोटो काढा." एक्स-रे काढला; दंडाचं हाड कोपराच्या वर मोडलेलं होतं. लहान मुलांच्या या फ्रॅक्चरला बांबूच्या काड्या लावून घट्ट बांधलं की रक्तपुरवठा तुटतो आणि बोटं कायमची आखडतात. असे हात मी शिकत असताना वॉर्डात पाहिलेत. वस्तादांनी नुसता अंगठा ठेवला आणि काढून घेतला. नंतर मी त्यांना विचारलं, कळलं कसं? म्हणाले, "मुरगळलेला सांधा हात मागतो. मोडलेला हात झिडकारतो." हे कुठल्याही पुस्तकात असं लिहिलेलं नाही, पण मला शिकवणाऱ्यांपैकी कुणी ते यापेक्षा बरं सांगितलेलंही नाही.

मुद्दा इथंच आहे. हाताला जे कळतं ते एक, आणि हातवाला त्याबद्दल जी कथा सांगतो ती दुसरी. स्टिलचे हात चांगले असणार, नाहीतर लोक गाडी पकडून आले नसते. त्याची हलल्या हाडांची कथा मात्र टिकली नाही. हाडं इतक्या सहज जागा सोडत नाहीत. मणक्यांमधली गादी सरकतही नाही. ती वरच्या-खालच्या मणक्याला पक्की जखडलेली असते. ती फुगते, क्वचित फाटून आतला भाग बाहेर येतो, आणि तोही बऱ्याचदा शरीर आपणच शोषून घेतं. मला एक आकडा पाठ आहे, कारण तो रोज कामाला येतो: २०१५ मध्ये ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा हजारो लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा विशीतल्या ३० टक्क्यांची आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांची गादी फुगलेली निघाली. दुखणं कुणालाच नव्हतं. हे सांगितलं की काखेतलं पाकीट हळूच पिशवीत जातं.

वडगावचे एक विणकर मामा आले होते. पन्नाशीचे, यंत्रमागावर आयुष्य गेलेलं. धोट्यातली कांडी बदलायला वाकायचं, तुटलेली तार जोडायला वाकायचं, दोन मागांच्या मधल्या बोळातून आडवं व्हायचं. सकाळी कांडी घालताना पाठ धरली ती सुटेना. आधी प्रश्न: पायात मुंग्या आहेत का, लघवी नीट होते का, बसायच्या जागेवर बधिरपणा आहे का, ताप, वजन. मग उभं करून पुढं, मागं, बाजूला वाकवून पाहिलं. हातोडीनं गुडघा ठोकला. मग हात.

पालथ्या माणसाच्या मणक्याच्या दोन्ही अंगांनी अंगठे खाली उतरवत नेले की काय काय लागतं, हे लिहून सांगणं कठीण आहे. एका जागी कातडी किंचित ओलसर आणि गरम. एका जागी खालचा स्नायू ताणलेल्या दोरखंडासारखा, अंगठ्याखालून निसटणारा. ती जागा आली की माणूस श्वास धरतो. मी अंगठ्यापेक्षा त्या श्वासावर जास्त भरवसा ठेवते. कारण कुठला मणका 'अडकलाय' यावर दोन शिकलेल्या हातांचं एकमत फारसं होत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. कुठं दुखतं यावर मात्र होतं.

मामांना कुशीवर घेतलं, गुडघे दुमडले, पाय पलंगाच्या कडेबाहेर आणून माझ्या हातावर घेतले. म्हटलं, पाय वर ढकला, पण एका बोटाच्या जोरानं. त्यांनी मला भिंतीपर्यंत ढकललं. मागावरच्या माणसाला हळू ढकलायला शिकवणं हेच अर्धं काम. दुसऱ्यांदा जमलं. पाच-सात सेकंद ढकलायचं, सोडायचं, श्वास बाहेर; त्या सोडण्यात पाय आपसूक बोटभर खाली येतात. ती नवी जागा धरायची आणि पुन्हा. चार वेळा झालं. उठवून वाकवलं तर मघाशी मांडीवर अडकलेले हात गुडघ्याखाली गेले.

"बसलं बघा," मामा म्हणाले.

मी म्हटलं, काही सुटलंच नव्हतं तर बसेल कसं? तुमची पाठ दचकून आवळली होती, आता जरा सैल झालीय. हे तास-दोन तासच टिकेल, तेवढ्यात चालून घ्या, वाकून घ्या, म्हणजे पाठीला कळेल की वाकल्यानं काही होत नाही. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि बाहेर बसलेल्या बायकोला सांगितलं, "बसवली गे मॅडमनी."

हा झगडा रोजचा आहे आणि मी तो निम्म्या वेळा हरते. पण सोडत नाही, कारण 'सरकलंय' या कथेचे परिणाम असतात. जो माणूस आपली गादी सरकलीय असं धरून चालतो, तो वाकत नाही, उचलत नाही, पट्टा काढत नाही, आणि दर महिन्याला बसवून घ्यायला येतो. धंद्याला हे फार सोयीचं. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१६ मध्ये कंबरदुखीबद्दल जी मार्गदर्शिका काढली तिच्यात हातानं करायचे उपचार आहेत, पण व्यायामाच्या जोडीनं, एकटे नाहीत. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. हात दार किलकिलं करतो. आत माणसानं स्वतः जायचं असतं, आणि बहुतेकांना ते नको असतं.

लोकांना हवा असतो तो आवाज. कट्. झाला की चेहरा उजळतो, नाही झाला तर पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. तो हाडाचा आवाज नव्हे. सांध्यात वंगणासारखं द्रव असतं. पृष्ठभाग झटकन दूर झाले की दाब एकदम कमी होतो आणि वायूची पोकळी तयार होते. कॅनडात २०१५ मध्ये बोट मोडताना एमआरआयमध्ये हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. म्हणून तोच सांधा लगेच पुन्हा मोडत नाही, वीसेक मिनिटं जावी लागतात. बोटं मोडली तर संधिवात होतो म्हणणाऱ्या आयांसाठी: डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरनं साठ वर्षं एकाच हाताची बोटं मोडून पाहिली, दोन्ही हात सारखेच राहिले, आणि त्याला २००९ चं इग नोबेल मिळालं. पाठीत किंवा छातीच्या मणक्यांत असा झटका मी कधीमधी देते. मानेत देत नाही. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या असतात आणि पिळल्यानं त्यांचा आतला पापुद्रा फाटू शकतो. आपल्याच राज्यात २०२४ मध्ये बळ्ळारीच्या एका तरुणाला सलूनमध्ये मान मोडून घेतल्यावर पक्षाघाताचा झटका आल्याची बातमी होती. तरी दाढीनंतर फुकट मिळणारी ती मुरड कुणी सोडत नाही.

कवटीच्या हाडांची सूक्ष्म लय बोटांना कळते आणि ती सुधारता येते, असंही ऑस्टिओपॅथीची एक शाखा मानते. सदरलँड या स्टिलच्या विद्यार्थ्यापासून ती आली. एकाच डोक्यावर दोघांनी हात ठेवले तर लय वेगवेगळी सांगतात. मी हे करत नाही. डोकं हातात घेतल्यानं माणसाला बरं वाटतं हे खरं आहे, आणि तेवढंच सांगितलं असतं तर माझी काही हरकत नव्हती.

जिथं हात लावायचा नाही ते ओळखणं यात सगळ्यांत मोलाचं. एक बाई आल्या होत्या, चाळिशीच्या आत, पाठदुखी तीन महिन्यांची. आधी दोन ठिकाणी चोळून घेतलेलं. बोलता बोलता सांगितलं, रात्री जास्त दुखतं, संध्याकाळी कणकण, साड्यांचे ब्लाउज सैल झालेत. पाठीच्या मधोमध एक मणका बोटाला बाहेर आलेला लागला आणि त्यावर नुसतं टिचकी मारल्यासारखं ठोकलं तरी त्या कळवळल्या. मी तिथंच थांबले आणि त्यांना थेट हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मणक्याचा टीबी निघाला. औषधं वर्षाच्या वर चालली, बाई आता शेतात जातात. त्या मणक्याला कुणी झटका दिला असता तर काय, याचा विचार मी जास्त लांबवत नाही. माझ्या दवाखान्यात पलंगाशेजारी भिंतीवर चार ओळी मराठीत आणि कन्नडात लिहून लावल्यात: लघवी अडणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं, ताप आणि वजन घटणं, पडल्यानंतर उठलेलं म्हाताऱ्या माणसाचं दुखणं. यांतलं काही असेल तर चोळायला कुणाकडेही जाऊ नका, माझ्याकडेसुद्धा. कुणी वाचतं की नाही ठाऊक नाही. वस्तादांनी मात्र फोटो काढून नेला.

निपाणीला माझी नणंद असते, तिच्या ओळखीनं तिथल्या विडी वळणाऱ्या बायकांकडे मी जाऊ लागले. हे काम बसून, म्हणजे बघणाऱ्याला सोपं वाटतं. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. मान सुपात गेलेली ती संध्याकाळी वर येते. मानेच्या मुळाशी, पाठ जिथं सुरू होते तिथं, प्रत्येकीला लिंबाएवढा फुगवटा, आणि खांदे कानाला लागलेले. पहिल्यांदा गेले तेव्हा ओळीनं मानांवर हात फिरवत गेले आणि सगळ्या जणी सुखावल्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजार विड्या होत्याच. जे हात दिवसभरात सैल करतात ते सूप पुन्हा आवळतं.

तेव्हा त्यांच्यातल्याच एकीनं मार्ग काढला. मी म्हटलं होतं, दर वीस मिनिटांनी मान वर करा. ती म्हणाली, "घड्याळ कुठलं बघायचं बाई? आम्ही कट्टा बघतो." पंचवीस विड्यांचा कट्टा बांधला की मान वर, छताकडे बघायचं, खांदे मागं, हनुवटी आत, मग पुढचं पान. हे जमलं. त्यांच्या कामाच्या मापात बसलं म्हणून जमलं; माझ्या मापात सांगत राहिले असते तर कधीच जमलं नसतं. मानांवर मी अजून हात ठेवते, महिन्यातून एकदा, आणि त्या मला ओळीत बसवून कुणाचे किती कट्टे झाले आणि किती वेळा मान वर गेली याचे एकमेकींवर आरोप करतात.

अंगठ्याचं मात्र अजून काही जमलेलं नाही. विडीचं तोंड मुडपताना अंगठ्याच्या मुळाशी जो जोर पडतो तो कट्ट्यानं कमी होत नाही. पट्टी बांधली तर विडी वळत नाही, विश्रांती सांगितली तर मजुरी बुडते. पुढच्या खेपेला त्यांचा पत्रा आणि कात्री घेऊन बसणार आहे. स्वतः शंभरेक विड्या वळून बघितल्याशिवाय त्या अंगठ्याला काय सांगायचं ते मला कळणार नाही.